एकोणपन्नास आणि ५९

मागच्या जानेवारीत सत्र परीक्षा संपवून मी पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी गेले आणि दुसऱ्याच दिवशी आईबरोबर तिच्या शाळेत जाऊन बसले. आई जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते चौथीचे चार वर्ग आणि दोन खोल्या असल्यामुळे एका खोलीत नेहमी दोन इयत्ता एकत्र बसतात, आणि एका इयत्तेला शिकवणे चालू असताना दुसरी इयत्ता आपापले काम करत असते. त्या वेळेसाठी शाळेला देणगीतून काही टॅब मिळाले होते. मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे हे मुलांना ठाऊक असल्यामुळे त्यांनी मला हक्काने आपल्यात बसवून घेतले.

तिसरीतली एक मुलगी टॅबवर संख्यालेखनाचा सराव करत होती. टॅब संख्या मोठ्याने म्हणायचा आणि तिने ती अंकांत लिहायची, असे त्याचे स्वरूप होते. टॅब म्हणाला, ‘एकोणपन्नास’. तिने ५९ लिहिले. पडद्यावर लाल फुली आली आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ अशी सूचना आली. तिने क्षणभर विचार करून पुन्हा ५९ लिहिले, पुन्हा फुली आली. मग तिने अंक उलटे करून ९५ लिहून पाहिले. त्यानंतर मात्र तिने विचार करणेच सोडून दिले आणि हाताला येतील ते अंक दाबायला सुरुवात केली. चौथ्या की पाचव्या वेळेला टॅबने उत्तर दाखवून पुढचा प्रश्न विचारला. तो होता ‘एकोणसत्तर’, आणि तिने लिहिले ७९.

तेवढ्यात आई तिथे आली. तिने टॅबला हात लावला नाही. भिंतीवर टांगलेली शंभर मण्यांची माळ काढून मुलीच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘‘मला पन्नास मणी मोजून दाखव बघू.’’ मुलीने दहा-दहाचे पाच गट सरकवले. ‘‘आता यातला एक उणा कर. किती राहिले?’’ मुलगी माळेकडे पाहत राहिली, तिने शेवटचा मणी मागे सारला, आणि हळूच म्हणाली, ‘‘बाई, एकूणपन्नास म्हंजे एक कमी पन्नास?’’ आई फक्त ‘हं’ म्हणाली आणि दुसरीच्या मुलांकडे वळली. त्यानंतर त्या मुलीने एकोणसत्तर, एकोणतीस, एकोणऐंशी हे सगळे स्वतःच मणी सरकवून लिहून काढले.

मला तो प्रसंग आजही जसाच्या तसा आठवतो, कारण ५९ हे उत्तर अंदाजपंचे दिलेले नव्हते. तिने ‘पन्नास’ ऐकले होते, म्हणून दशकस्थानी ५ लिहिले. ‘एकोण’ने सुरू होणाऱ्या संख्येच्या शेवटी ९ येतो हेही तिला पाठ होते, म्हणून एककस्थानी ९ लिहिला. तिच्याजवळ दोन खरे नियम होते आणि त्यांना जोडणारा तिसरा नियम तेवढा नव्हता. एखाद्या वैद्याला नाडी सापडावी तसे त्या एका उत्तरात सगळे निदान होते. टॅबला ते उत्तर अक्षरशः मिळाले होते, त्याच्या स्मृतीत ते साठवलेही गेले असेल, पण ‘बरोबर’ आणि ‘चूक’ या दोन कप्प्यांपलीकडे त्याला काही सुचवलेले नसल्यामुळे त्याने ते टाकून दिले. आईने ते टाकून दिले नाही. माझे शिक्षण ज्या यंत्राचे आहे त्या यंत्राला हे करता येण्यासारखे आहे आणि तरीही ते करत नाही, ही जाणीव मला त्या दिवशी झाली. मुलांच्या शिक्षणासाठी संगणकाचे काम करायचे हे मी तेव्हापासून ठरवले आहे. माझ्या वर्गातले बहुतेक जण सध्या नोकरीच्या मुलाखतींच्या तयारीत आहेत आणि मी हे काय धरून बसले आहे असे ते मला विचारतात. त्यांना द्यायचे उत्तर थोडे लांबते, म्हणून ते इथे लिहून ठेवत आहे.

मराठी संख्यानामे मुलांना अवघड जातात हे प्रत्येक प्राथमिक शिक्षक जाणतो. आपण ‘बत्तीस’ म्हणतो तेव्हा दोनचा उच्चार आधी होतो आणि तीसचा नंतर, पण लिहिताना ३ आधी येतो. त्यामुळे ३२ च्या जागी २३ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यात ‘त्रेपन्न’, ‘त्रेसष्ट’, ‘त्र्याहत्तर’, ‘त्र्याऐंशी’ अशी तीनाची रूपे बदलत जातात, आणि ‘एकोण’ तर पुढच्या दशकाचे नाव घेऊन मागच्या दशकात उभे राहते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर तीन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा त्यावरून मोठा वाद झाला होता. भाषेची नासाडी होते असे एका बाजूचे म्हणणे होते, तर मुलांना जोडाक्षरांच्या ओझ्याखालून सोडवले पाहिजे असे दुसऱ्या बाजूचे. माझे मत असे आहे की, ‘एकोणपन्नास’ हा शब्द उलगडला तर त्यात एक छोटीशी वजाबाकीच दडलेली आहे, आणि ती मुलाला दिसली तर शब्द अडचण न राहता मदत होतो. मात्र ती दिसण्यासाठी मुलाच्या हातात मण्यांची माळ आणि शेजारी एक जाणते माणूस लागते. दोन खोल्यांत चार वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेला प्रत्येक मुलाच्या शेजारी त्या नेमक्या क्षणी उभे राहता येत नाही. अडचण नेमकी इथे आहे, आणि संगणकाने हात लावायचा तर इथेच लावावा असे मला वाटते.

चूक ही फेकून देण्याची वस्तू नाही, हा विचार संगणकशास्त्राला नवा नाही. गणितज्ञ सीमूर पॅपर्ट यांनी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्याबरोबर काम केले होते आणि मूल आपले ज्ञान स्वतः बांधत जाते हा धडा त्यांनी तिथून नेला होता. १९६७ साली वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह त्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे त्या भाषेत एक ‘कासव’ आले. ‘पुढे जा’, ‘उजवीकडे वळ’ असे सांगितले की ते चालते आणि चालताना मागे रेघ ओढत जाते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाचा पहिला प्रयत्न जवळजवळ कधीच बरोबर येत नाही, आणि त्याचे त्याला दुःखही होत नाही. तो कुठे बिघडले ते शोधतो आणि दुरुस्त करतो. मुलांनाही आपल्या चुकांकडे असेच पाहता यावे, असे पॅपर्ट यांचे म्हणणे होते. पहिल्या वर्षी आम्हांला प्रोग्रॅमिंग शिकवताना कोणी हे सांगितले नव्हते, पण रात्री दोन वाजता एखादा बिघाड सापडल्यावर होणारा आनंद मला ओळखीचा होता, म्हणून ते वाचताच पटले.

मी ते प्रत्यक्ष पाहिले फेब्रुवारीत. कॉलेजातून निकाली निघालेला एक जुना लॅपटॉप मला मिळाला होता. ‘शुगर’ नावाची मुलांसाठीची मुक्त प्रणाली आहे, ती पेनड्राइव्हवरूनही चालते आणि तिला इंटरनेट लागत नाही. त्यात ‘टर्टल ब्लॉक्स’ म्हणून एक खेळ आहे. पॅपर्ट यांच्या कासवाचाच तो वंशज. त्यात आज्ञा टाइप करायच्या नसतात, तर रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात. माझ्याकडच्या आवृत्तीत ठोकळ्यांवरची नावे इंग्रजीत होती, म्हणून मी ‘पुढे’, ‘उजवीकडे’, ‘पुन्हा पुन्हा’ असे शब्द कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून त्या पडद्याच्या कडेला चिकटवल्या.

चौथीतल्या एका मुलाने चौकोन दहा मिनिटांत काढला. मग त्याने त्रिकोण मागितला. तिन्ही बाजू सारख्या असतील तर प्रत्येक कोपरा ६० अंशांचा असतो, एवढेच मी त्याला सांगितले. त्याने ‘पुढे १००, उजवीकडे ६०’ हे तीन वेळा जोडले आणि चालवले. कासवाने तीन रेघा ओढल्या, पण त्या मिळाल्याच नाहीत. एका पसरट भांड्यासारखा आकार उघडाच राहिला. तो म्हणाला, ‘‘ताई, ही तर पाटी झाली माती उचलायची.’’ मी काही सांगणार इतक्यात त्याने तीनच्या जागी सहा घातले, बहुधा उरलेला अर्धा भाग मिळावा म्हणून. षट्कोन तयार झाला. ‘‘मधाच्या पोळ्यातलं घर!’’ तो ओरडला आणि सगळा वर्ग लॅपटॉपभोवती गोळा झाला.

त्रिकोण अजून झालेला नव्हता आणि तो मुलगा ते विसरला नव्हता. मी त्याला म्हटले, ‘‘चल, आपणच कासव होऊ.’’ मैदानात फक्कीने त्रिकोण आखला आणि त्यावरून त्याला चालायला सांगितले. पहिल्या कोपऱ्याला पोहोचल्यावर तो थांबला, वळला, आणि पुन्हा मागे येऊन वळला. ‘‘ताई, मला लई वळावं लागतंय,’’ तो म्हणाला. ‘‘मी सरळ निघालेलो, आता जवळजवळ मागं तोंड केलं.’’ कोपरा ६० अंशांचा, पण वळण ६० अंशांचे नव्हे. सरळ रेषेच्या १८० मधून ६० गेले की जे उरते ते वळण. हे वाक्य मी बोलले नाही. तो आत पळाला आणि त्याने आधी १००, मग ११०, मग १२० घालून पाहिले. १२० ला रेघा एकमेकींना टेकल्या. मग चौकोनात ९० का चालले आणि इथे ६० का चालले नाहीत, हे त्याने मला समजावून सांगितले: चौकोनाचा कोपरा आणि वळण सारखेच असतात, म्हणून तिथे चूक लपून राहिली होती. बहिर्कोन मी पुढच्या इयत्तांत पाठ केला होता, पण तो चालून कधी पाहिला नव्हता.

हे सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. ‘शुगर’ ही प्रणाली मुळात ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ (दर मुलामागे एक लॅपटॉप) या प्रकल्पासाठी तयार झाली. निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ साली जाहीर केलेल्या त्या योजनेतले हिरवे-पांढरे, उन्हातही वाचता येणारे छोटे लॅपटॉप पुढे लाखो मुलांच्या हाती गेले. भारतात त्यांचा एक पहिला प्रयोग २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या धनगरवाड्यावरच्या जेमतेम वीसेक मुलांच्या एकशिक्षकी शाळेत झाला. पण सर्वांत मोठ्या प्रमाणावर हे लॅपटॉप पेरू देशाने घेतले, आणि तिथल्या ग्रामीण भागातील ३१९ शाळांचा इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे सव्वा वर्ष लॅपटॉप वापरूनही मुलांच्या गणिताच्या आणि भाषेच्या गुणांत वाढ दिसली नाही. सर्वसाधारण आकलनाच्या चाचण्यांत थोडी प्रगती दिसली, पण ज्या आशेने एवढा खर्च केला होता तिच्या मानाने ती थोडीच.

हा निष्कर्ष वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. मग दिल्लीतला एक अभ्यास वाचनात आला, तो २०१९ साली प्रसिद्ध झालेला आहे. शाळा सुटल्यानंतरच्या केंद्रांमध्ये ‘माइंडस्पार्क’ ही प्रणाली वापरण्याची संधी मुलांना सोडत काढून दिली होती. त्या अभ्यासात आधी असे आढळले होते की सहावीतले मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आहे, आणि एकाच वर्गातल्या मुलांची पातळी पाच-सहा इयत्तांमध्ये विखुरलेली आहे. प्रणाली प्रत्येक मुलाला त्याच्या खऱ्या पातळीपासून शिकवत होती आणि त्याच्या चुकांवरून पुढचा प्रश्न ठरवत होती. साडेचार महिन्यांत संधी मिळालेल्या मुलांनी गणितात आणि हिंदीतही न मिळालेल्या मुलांपेक्षा स्पष्ट आघाडी घेतली. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने कोणत्याही यंत्राशिवाय नेमके हेच केले आहे: इयत्तेनुसार नव्हे, तर मुलाला काय येते त्यानुसार गट पाडायचे आणि तिथून शिकवायचे.

म्हणजे फरक यंत्र देण्यात नाही, तर मुलाचे उत्तर कोणी वाचते की नाही यात आहे, असे मी यातून समजते. पेरूतल्या शिक्षकांना लॅपटॉप मिळाले, पण ते रोजच्या धड्यात कसे गुंफायचे याची पुरेशी मदत मिळाली नाही. दिल्लीत प्रणाली मुलाच्या चुकीकडे पाहत होती, आणि तिथे लहान गटाबरोबर बसणारा माणूसही होता. माझ्या आईच्या शाळेतल्या टॅबमध्ये यांतले काहीच नव्हते. त्या शाळेतला मुलगा त्रिकोणाशी झुंजला तेव्हाही मैदान, फक्की आणि ‘चल, कासव होऊ’ म्हणणारे कोणीतरी लागलेच.

त्यामुळे मी जे बनवते आहे ते लहान आहे आणि लहानच ठेवणार आहे. मार्चपासून दर शनिवारी आई मला फोनवर त्या आठवड्यात मुलांनी लिहिलेल्या चुकीच्या संख्या सांगते आणि मी त्या एका वहीत उतरवते. एकोणचे घोटाळे, अंकांची अदलाबदल, ‘एकशे पाच’ ऐकून १००५ लिहिणे, ‘त्रेसष्ट’ आणि ‘त्र्याहत्तर’ एकसारखेच ऐकू येणे, असे त्यांचे गट हळूहळू दिसू लागले आहेत. प्रत्येक गटासाठी पडद्यावर वेगळी मण्यांची माळ आणि वेगळा प्रश्न येतो. लाल फुली मी काढून टाकली आहे; मुलाने ५९ लिहिले तर माळेवर ५९ मणी मांडले जातात आणि शेजारच्या माळेवर पन्नास, आणि ‘एक उणा’ कुठे होतो ते मूल स्वतः शोधते. दिवसाच्या शेवटी बाईंना दोन-तीन ओळींची चिठ्ठी मिळते: आज कोण कशात अडखळले. हे सगळे शाळेतल्या त्याच यंत्रावर राहते, बाहेर कुठेही जात नाही, कारण लहान मुलांच्या चुकांची नोंद ही त्यांची आणि त्यांच्या बाईंची गोष्ट आहे.

या कामात एका अक्षराने मला फार शिकवले. पहिलीतल्या एका मुलाला पडद्यावरचे ‘कमल’ वाचता येईना. ‘क’ आणि ‘म’ त्याने ओळखले आणि ‘ल’पाशी तो अडला. पुस्तकात तो मराठी वळणाचा ‘ल’ शिकला होता, दोन पाकळ्या असल्यासारखा दिसणारा, आणि पडद्यावर होता हिंदी वळणाचा. ‘श’चेही तसेच. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेची प्रमाण रूपे ठरवताना ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेच स्वीकारली, बालभारतीची पुस्तके ती पाळतात, आणि तरीही संगणकावर मात्र दुसरेच वळण समोर येते. मी शोध घेतला तेव्हा कळले की नोटोसारख्या काही टंकांमध्ये (फॉन्टमध्ये) मराठी वळणे आधीपासून आहेत. मजकूर मराठी आहे हे प्रोग्रॅमने सांगितले तरच ती बाहेर येतात. माझ्या प्रोग्रॅमने ते सांगितलेले नव्हते. भाषेची खूण दर्शवणारी एक ओळ घातली आणि पडद्यावरचे सगळे ‘ल’ आणि ‘श’ बदलले. ही एक ओळ न लिहिल्यामुळे एक मूल आपल्याला वाचता येत नाही असे समजून बसले होते. मोठ्या माणसाची नजर असे अक्षर सहज ओलांडून जाते, म्हणून ही चूक आमच्यासारख्यांना दिसतही नाही. मराठी शाळेत बसून पाहिल्याशिवाय मराठी मुलांसाठी काही लिहू नये, एवढे मी तेव्हापासून पक्के केले आहे.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी नवी आवृत्ती घेऊन पुन्हा गेले. या वेळी संख्यानामांचे तुकडे केले होते: ‘एकोण’ हा एक ठोकळा, आणि ‘वीस’, ‘तीस’, ‘चाळीस’ असे दशकांचे ठोकळे. ‘एकोण’ला ‘पन्नास’ जोडले की माळेवर ४९ मणी उरतात आणि अंक खाली उमटतात. जानेवारीतली ती मुलगी आता चौथीत गेली आहे. तिने न थांबता एकोणवीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे जोडून टाकले. ‘एकोणीस’ऐवजी ‘एकोणवीस’ होते हे तिनेच मला दाखवले. मग तिने ठोकळ्यांच्या ओळीच्या टोकाला असलेला ‘शंभर’ उचलला आणि ‘एकोण’ला जोडला. माझ्या प्रोग्रॅमला असा शब्द ठाऊक नव्हता, त्यामुळे ठोकळा सुटून मागे गेला. तिने तो पुन्हा जोडला, तो पुन्हा मागे गेला.

‘‘ताई, हे घेत नाय,’’ ती म्हणाली. ‘‘नव्याण्णवलाच एकोणशंभर का नाय म्हणत?’’

मी आईकडे पाहिले. आई हसली आणि म्हणाली, ‘‘तिला विचार तिने कसं काढलं ते.’’ मुलीने माळेवरचे शंभर मणी मोजून दाखवले, शेवटचा एक मागे सारला आणि माझ्याकडे पाहत राहिली. त्या रात्री मी पहिले काम हे केले की ‘एकोण’ला ‘शंभर’ जोडू दिला. माळेवर ९९ मणी येतात, खाली ९९ उमटतात, आणि त्याच्याशेजारी ‘नव्याण्णव’ हा शब्द येतो. सकाळी शाळेत गेल्यावर सगळ्यांत आधी तिलाच तो जोडायला दिला.